लाल टॉवेलचा करार

दिनांक ७ ऑक्टोबर १९९६, सोमवार, सायंकाळी सहा वाजता.

नाव बाळकृष्ण व्यंकटेश औसेकर, वय ६४ वर्षे, धंदा सेवानिवृत्त पेशकार, दिवाणी न्यायालय, राहणार जामबाग, हैदराबाद, स्वतःचे घर.

हेड कॉन्स्टेबल नामदेवराव यांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मला तेलुगू बोलता येते, लिहिता येत नाही. नामदेवराव आदिलाबादकडचे, त्यांना मराठी लिहिता येते, म्हणून जबाब मराठीत. तर्जुमा पुढे होईल. मी पस्तीस वर्षे दुसऱ्यांचे जबाब कोर्टात वाचून दाखवले आहेत. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला नामदेवरावांपेक्षा जास्त कळते. तरी सांगतो ते लिहून घ्यावे.

घरात मी व पत्नी सौ. सुमन, वय ५९, असे दोघेच. मुलगा कौस्तुभ बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी सुमनला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि आवाज बसला. बोलणे स्वच्छ होते, पण इतके हळू की पंखा बंद करून ऐकावे लागे. मी तिच्या उशाशी पूजेतली घंटी ठेवली होती. "मी काय देव आहे?" असे म्हणून तिने ती परत केली.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या भिंतीला लागून असलेली जागा यादगिरी, वय अंदाजे ३५, याने घेतली व तिथे ग्रॅनाइट कापण्याचा कारखाना टाकला. शहरात जिकडेतिकडे फ्लॅट उठत आहेत आणि जो तो स्वयंपाकाच्या ओट्याला काळा ग्रॅनाइट मागतो. दोन मशीन कापायची, एक पॉलिशचे, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. पाते दगडात शिरले की आमच्या मांडणीतली भांडी थरथरत. सुमनचे ओठ हलताना दिसत, शब्द ऐकू येत नसे. ती पाणी मागे, मी औषध आणी. एकदा ती रडू लागली. ती भांडे मागत होती, हे मला अर्ध्या तासाने कळले. तोवर चादर भिजली होती. त्या दिवशी मला यादगिरीचा जीव घ्यावासा वाटला, हेही लिहा.

महापालिकेत चार अर्ज दिले. पालथ्या घड्यावर पाणी. यंदा एप्रिलमध्ये मी गच्चीवरून कारखान्यावर वीट टाकली. पत्रा फुटला, लागले कोणाला नाही. लागले असते तरी मला वाईट वाटले नसते. यादगिरी घरात शिरला आणि त्याने माझा गळा धरला. मी त्याच्या तोंडात मारली, त्याने मला कपाटावर आपटले. आरशाची काच फुटून माझ्या मानेला तीन टाके पडले. प्रकरण याच ठाण्यात आले.

तेव्हा नामदेवरावांनी तडजोड घडवली. मशीन चालू असताना हाक पोचत नाही, म्हणून मधल्या भिंतीत एक गज रोवला. मी त्यावर लाल टॉवेल टाकला की मशीन बंद, काढला की चालू. दिवसातून एक तास. ही युक्ती नामदेवरावांची, त्यांनी हे लिहायचे टाळू नये. यादगिरीने शब्द पाळला. सहा महिन्यांत त्याने एकदाही टॉवेलाकडे काणाडोळा केला नाही. त्या तासात सुमन आणि मी दिवसाचे सगळे बोलून घेत असू. भात करपला, मिशी वाढली, कौस्तुभचे पत्र नाही, ती माझ्यावर चिडायची तीही त्याच तासात. मी सकाळपासून त्या तासाची वाट पाहत असे.

शुक्रवारी, ४ तारखेला, पितृपक्षातली अष्टमी, माझ्या वडिलांचे श्राद्ध. माझा सोवळ्याचा रेशमी कद लाल आहे. तो धुऊन मागच्या पडवीत उंच वलनीवर काठीने वाळत घालतो, म्हणजे कोणाचा स्पर्श होत नाही. पण पडवीभर दगडाची भुकटी बसलेली. म्हणून पहाटे मी आदल्या दिवशीचा ओला कद भिंतीवरच्या गजावर टाकला आणि दुसरा नेसून कामाला लागलो. टॉवेल माझ्या डोक्यातही नव्हता.

आठ वाजता मशीन लागले नाही. मला वाटले, वीज गेली असेल. अकराच्या सुमारास मशीनवरचा कामगार मल्लेश दारात आला. "सार, और कित्ता टाइम?" असे त्याने विचारले. माझ्या हातात पिंड होता, भटजी मंत्र म्हणत होते. सोवळ्यात त्याच्याशी बोलू कसा? मी हाताने दूर राहा अशी खूण केली. तो समजला, अजून बंदच ठेवायचे आहे. तो परत गेला. सुमन त्या दिवशी खुशीत होती. दुपारी म्हणाली, "बाबा जेवून गेले वाटतं, किती शांत आहे." मीही मूर्खासारखा हो म्हणालो.

पाच वाजता यादगिरी साइटवरून आला. दिवसभर एक दगड कापला गेला नव्हता आणि बिल्डरने काम दुसऱ्याला देऊन टाकले होते. तो अंगणात येऊन ओरडला, "एक घंटा बोले थे ना सार? पूरा दिन लटकाए! मेरे बच्चाँ क्या खाना?" माझ्या ध्यानात तेव्हा सगळे आले. चूक माझी होती, तसे सांगायला हवे होते. पण त्याने कद ओढून जमिनीवर फेकला आणि त्यावर पाय दिला. माझे डोके फिरले. वलनीची काठी मी त्याच्या कानावर मारली. कान फाटला. त्याने उलट हात उचलला नाही. फक्त म्हणाला, "अब लाल टाँगो, पीला टाँगो, मशीन नै रुकता."

शनिवार आणि रविवार मशीन चालूच होते. मी टाकलेला टॉवेल गजावर तसाच. क्षमा मागायला जावे असे दोन्ही दिवस मनात आले, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. गेलो नाही.

आज सकाळी अकरा वाजता मी सुमनला पेज द्यायला गेलो. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिने डाव्या हाताने माझी बाही धरली आणि ती काही सांगू लागली. मी कान तिच्या तोंडाशी नेला. श्वास लागला, शब्द नाही. मी भिंतीशी जाऊन टॉवेल हलवला. मल्लेशने पाहिले आणि मान फिरवली. मी परत आलो. ती अजून सांगतच होती. तिची बोटे बाहीवरून सोडवून मी कारखान्यात गेलो. मला फक्त ते मशीन बंद करायचे होते. ती काय म्हणते ते मला ऐकायचे होते.

दाराशी छिन्नीचा हातोडा होता, तो घेतला. मेन स्विच खाली ओढला. मशीन बंद पडले. यादगिरी धावत आला. "पागल हो गए क्या सार? पाता फँस जाता!" म्हणत त्याने स्विचवर हात ठेवला. मी हातावर हातोडा घातला. बोटे मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसला. मी खांद्यावर मारले, मग गुडघ्यावर. मल्लेशने मागून धरले, त्याला ढकलले, तो पाणी सोडायच्या नळावर पडला. यादगिरी "बस सार, बस सार" म्हणत होता. मी थांबलो नाही. दीड वर्षाचे सगळे त्याच्यावर काढले. आईबहिणीवरून शिव्या दिल्या, ज्या मी आयुष्यात उच्चारल्या नव्हत्या. तो आता दवाखान्यात आहे व शुद्धीवर नाही, असे मला येथे सांगण्यात आले.

आमच्याकडे भांडी घासणारी चतुराबाई सव्वाअकराला घरी आली. तिचे म्हणणे असे की, "अम्मा अच्छा बात कर रहे थे. अहो, अहो बोल के तुमकू पुकारे. चार-पाँच बार." ती मला बोलवायला कारखान्याच्या दारात आली, तिने तीन हाका मारल्या. मला ऐकू आल्या नाहीत. शेवटी तिने माझा सदरा ओढला. आम्ही घरी गेलो तेव्हा सुमन गेली होती. हात अजून गरम होता.

हा जबाब नामदेवरावांनी मोठ्याने वाचला व मी ऐकला. सांगितल्याप्रमाणे आहे. एका जागी त्यांनी माझ्या भल्यासाठी "मशीन बंद करतेवेळी झालेल्या झटापटीत" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मशीन अकरा वाजून दहा मिनिटांनी बंद झाले. मी घरी परतलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. मधल्या वेळात तिथे जो आवाज चालू होता तो माझा होता, एवढे खाडाखोडीच्या वर लिहून घेतल्यावर सही करतो.

बा. व्यं. औसेकर