ग्रह खरा की पेरलेला

आई : तुझ्या बायकोनं माझं नाक कापलं. सुनेनं नवा ग्रह शोधला, असं अख्ख्या इमारतीला सांगून आले होते. तर ही मला म्हणते, "आई, परत जा आणि सांगा, अजून नक्की नाही." दारोदार जाऊन शब्द मागे घेतले मी. मी!

मुलगा : कुणाला बोलू नकोस, असं तिनं आधीच बजावलं होतं.

आई : मग मला सांगायचंच कशाला? माझ्या पोटात काही राहत नाही, हे लग्न होऊन आल्यापासून बघतेय ती.

मुलगा : हळू. आतच आहे. तिच्या वेधशाळेतल्या सरांचा फोन यायचाय.

आई : त्या सरांचंच डोकं फिरलंय! ताऱ्यांच्या मोजमापात म्हणे स्वतःच्या हातानं खोटे ग्रह कालवून ठेवतात. पोरांनी डोळे फोडून शोधायचं, आणि हे शेवटी म्हणणार, "अरे, तो मीच टाकला होता!" माझ्या दिरानं असली थट्टा केली असती तर कान उपटून हातात दिला असता.

(सून फोन घेऊन बाहेर येते.)

सून : थट्टा नाही आई, पद्धत आहे. आम्ही ताऱ्याचा उजेड मोजत राहतो. ग्रह आड आला की उजेड घटतो. पण ग्रह हवाच असं एकदा मनानं घेतलं की कशातही ग्रह दिसायला लागतो. म्हणून सर मधूनच खोटं टाकतात. आम्ही हुरळतो का, ते बघायला.

आई : आणि मागच्या खेपेला हुरळलीस.

सून : हो. नाचले होते. तो सरांचा निघाला.

आई : मग पांघरुणात तोंड खुपसून पडलीस, आणि मी दाराशी ताट घेऊन उभी. या वेळी तरी नीट बघितलंस ना?

सून : दहा वाटांनी बघितलं. पण खूण इतकी देखणी आहे, की त्याचीच भीती वाटते. सरांनी टाकावी अशीच.

मुलगा : आईला तारा कसला आहे ते सांग ना.

सून : आपल्या सूर्यासारखाच होता. म्हातारा झाला, फुगला, जवळचं सगळं गिळलं आणि विझला. आता नुसता निखारा उरलाय, पृथ्वीएवढा. त्याच्या इतक्या जवळ काही टिकायलाच नको. पण मध्येच उजेड जवळजवळ पुरता जातो आणि लगेच परत येतो. अगदी नेमानं.

आई : म्हणजे धनी विझला, तरी ही आपली फेऱ्या घालतेच आहे? बाईच असणार.

मुलगा : आई, ग्रह आहे तो!

आई : असू दे. मला आवडली.

सून : काल वेधशाळेत सगळ्यांसमोर छातीठोक सांगून बसलेय, खरा आहे म्हणून. तसं सांगितल्याशिवाय सर तोंड उघडत नाहीत. पेरलेला निघाला, तर पुढच्या तपासासाठी मला मिळायची ती मोठी दुर्बीण दुसऱ्याच्या हातात जाईल. आणि माझं कोण ऐकेल पुन्हा?

मुलगा : वाजतोय फोन. घे. स्पीकरवर टाक.

सर : बसली आहेस ना?

आई : उभी आहे ती. मीही उभी आहे. पाल्हाळ लावू नका.

सर : कोण बोलतंय?

आई : सासू.

सर : मग लावत नाही. मी खोटे टाकले ते दुसऱ्या ताऱ्यांत. या ताऱ्याला मी हात लावलेला नाही.

सून : सर... परत सांगा.

सर : मी नाही टाकला. तो तिथेच होता. आणि ऐक, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची वेधशाळा आज त्याच्याकडे डोळे लावून बसली होती. तू सांगितलेल्या मिनिटाला उजेड गेला. तू सांगितलेल्या मिनिटाला परत आला. तिथली माणसं खुर्च्यांवर चढून ओरडत होती. मोठी दुर्बीण तुझी.

मुलगा : अगं, रडतेस काय, हस की!

आई : रडू दे तिला. अहो सर, पुढच्या वेळीही असंच खोटं टाकून छळणार का हिला?

सर : नाही. पुढच्या वेळी बाकीच्यांसाठी खोटं टाकायचं काम तिचं.

आई : हे बेस झालं! आता ठेवा फोन, आमच्याकडे गडबड आहे.

सून : आई, तुम्ही रडताय?

आई : मी कशाला रडू? इकडे बघ. माझ्या तोंडून कुणाबद्दल चांगलं निघत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा नीट ऐकून घे, दुसऱ्यांदा सांगणार नाही. तो खरा निघावा म्हणून आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलो होतो. खोटा तर नाही ना, हे तू एकटीच बघत बसली होतीस. म्हणून तो तुला सापडला.