शोभेचं झाड

आमच्या सोसायटीचे चेअरमन सभेत बोलायला उभे राहिले, की लोक घरी जाऊन जेवून यायचे, तरी साहेब बोलतच असायचे. दुष्काळात मुरूम गावच्या बाजारात भाजीची काडी मिळत नव्हती आणि ह्यांनी पुण्याहून अळूसारख्या, म्हणजे आमच्याकडच्या चमकुऱ्यासारख्या पानांचं शोभेचं झाड आणून ऑफिसात ठेवलं.

सभेच्या दिवशी आमच्या आईनं वड्या करून आणल्या. भाषणाआधी साहेबांनी एकट्यानंच ताटली संपवली.

"काकू, असल्या दुष्काळात चमकुरा कुठं गावला?"

"तुमच्याच कुंडीतला की. लई माजला होता."

साहेब काहीतरी बोलायला गेले, पण घसा असा खाजायला लागला की नुसते खाकरत बसले. सभा लगेच आटोपली.

पुढच्या सभेची नोटीस निघाली, तर जो तो मला विचारतोय, "काकू वड्या करणार हायत न्हवं?"