आवतन कोणाच्या नावानं

माहं माहेर तळेगावचं, श्यामजी पंताचं तळेगाव, अन् सासर हे सेलूकडचं. लगन झालं तवा मले वाटे का चांगलं जाणतं घर भेटलं, काऊन का माही सासू झाडपाल्याचं औषध देये, कोणाले झोप नाई, कोणाचं मन थाऱ्यावर नाई, सारे तिच्याकडं येत अन् तिचं औषध एकच, शंखपुष्पी. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, जमिनीले चिपकून राह्यते पाहा, निळं, नखाएवढं फूल. ते दुधात वाटून खडीसाखर घालून देये.

पण ते असंच उपटाचं नाई. आदल्या सांजेले धुऱ्यावर जाऊन हळदीचे तांदूळ ठेवाचे अन् झाडाले आवतन द्याचं, का बाई, उद्या चाल, अमक्याचं डोकं थंड कर. नाव घ्याच लागते, नाई तर गुण येत नाई म्हणत.

अन् आमच्या घरात नाव कोणाचं, तर माहं. काय सांगू तुमाले, सासरा भरलं ताट फेके, मालक बैलाचा राग माह्यावर काढे, पण त्याइच्या नावानं कधी तांदूळ गेले नाई धुऱ्यावर. म्या तोंड उघडलं का सासू म्हणे हिचं डोकं तापलं, अन् दुसऱ्या दिवशी गिलास पुढं.

माही पोरगी सुमन, शाळेत लय हुशार. मले न इचारता तिची सोयरीक केली. म्या पाहुण्यासमोर म्हटलं, पोट्टी लहान आहे, मी देत नाई. तर सासू पाहुण्याइले म्हणे, मनावर नका घेऊ, तिचं मन ठिकाणावर नाई, औषध चालू आहे. झालं, मंग माहं कोण ऐकते? औषध गुणाचं असन, मी नाई म्हणत नाई, लोकाइले झोपा लागल्या त्यानं. पण मले झोप नोती पायजे, मले पोरगी पायजे होती. सुमन आता हिंगणघाटले आहे, फोन केला का हो माय, बरं आहे माय, एवढंच बोलते. सासू मेली तरी तिचा राग येते मले.

तिच्यामागं औषध माह्याकडं आलं. काल सून भांडून राह्यली होती, नातीले वर्ध्याले कॉलेजात टाका म्हणे, लेक म्हणे स्थळ आलं आहे. मंग लेक माह्याकडं आला, म्हणे माय, हिले शंखपुष्पी दे वाटून, डोकं फिरलं हिचं. म्या म्हटलं देतो ना बाप्पा. सांजेले धुऱ्यावर गेली, तांदूळ ठेवले, नाव घेतलं. आज सकाळी वाटलं, दूध, खडीसाखर, सारं सासूसारखंच. सून गिलास पाहूनच उठली. म्या तो लेकापुढं ठेवला, म्हटलं घे, आवतन तुह्या नावाचं आहे.

त्यानं तोंड नाई लावलं. तो पाहा गिलास, ओसरीत तसाच आहे, माश्या बसून राह्यल्या. पण सून अजून बोलून राह्यली, ऐकू येते ना तुमाले? बोलजो बाई, गप नको राहू. मले कोणी असं म्हटलं नाई.