पान एकवीसवरची बासुंदी

सन्माननीय अध्यक्ष हरिहरराव, व्यासपीठावरील पाहुण्या सुमेधाताई, नागपूरहून झूमवर आलेल्या मैत्रीच्या आई गयाबाई, आणि दीड-दीड मीटरवर बसून मास्कआडून हसणाऱ्या मंडळींनो,

निरोपाला गोड बोलावं असा संकेत आहे. मला आज ते जमणार नाही, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

मैत्री चार वर्षं इथे नेदरलँड्समधल्या एका संग्रहालयात संशोधक होती. गेल्या वर्षी इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरच्या कत्तलीला चारशे वर्षं झाली. तेव्हा प्रदर्शनातल्या पाटीसाठी तिनं लिहिलं, 'जायफळाच्या मक्तेदारीसाठी डच कंपनीनं बेटांवरची बहुतेक माणसं मारली, उपाशी संपवली किंवा गुलाम करून नेली.' वरिष्ठांनी ते खोडून लिहिलं, 'व्यापारातून दोन संस्कृतींची भेट झाली.' भेट! अहो, भेटीला कुणी तोफा घेऊन जातं का? ज्यांची गावं जाळली ते रानटी आणि जाळणारे सुसंस्कृत, हे कुठलं माप? मैत्रीनं त्या पाटीखाली आपलं नाव घालू दिलं नाही. मग संग्रहालयानं तिचा करार वाढवला नाही, आणि करारासोबत इथं राहायचा परवानाही गेला. म्हणून आज आपण तिला निरोप द्यायला कापेल गावच्या या हॉलमध्ये जमलोय.

टाळ्या नकोत. माझा राग अजून संपलेला नाही.

तेच वाक्य असलेला लेख तिनं आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाला पाठवला होता. संपादक कोण? मी, धनराज. मी फोन केला, "अगं, सणासुदीला कत्तल कशाला? चारचौघांत बरं दिसत नाही." ती शांतपणे म्हणाली, "धनराजदादा, आमचे साहेबही हेच म्हणाले. डचमध्ये."

मी हसण्यावारी नेलं. माणसाला माणूस न मानणारेही स्वतःला सुसंस्कृतच म्हणवतात, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? आपल्या घरांनी ते पिढ्यान् पिढ्या सोसलंय! तरी मी लेख अंकातून काढून टाकला. त्या पानावर छापली बासुंदीची कृती, 'वरून चिमूटभर जायफळ किसून घालावे.' तुम्ही कौतुकानं आपापल्या बासुंदीचे फोटो पाठवलेत. मी सगळ्यांना शाबासकीचा अंगठा पाठवला. लाज वाटते मला.

तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवर एक कागद ठेवलाय. तो मैत्रीचा लेख आहे, एक शब्दही न कापलेला. घरी जाऊन अंकाच्या पान एकवीसवर, त्या बासुंदीवर, तो चिकटवा.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं विसरा. मैत्री, तू मात्र मला एवढ्यात माफ करू नकोस. आधी कागद बघ. खाली तुझं नाव घातलंय.