पेटीवरचा हसरा फोटो

आण्णा आता कुठल्याच बोर्डावर आपला फोटो का लावू देत न्हाईत, ते मला इचारा गड्यांनो. मी तवा तिथंच हुतो.

उंब्रजला आण्णांचं ट्रॅक्टरचं शोरूम, मी तिथं कामाला. झेडपीला उभं राहायच्या आदी त्यांनी लय दानधर्म केला. आपल्याकडं घरोघरी पोरगं फौजेत. ते येईस्तवर मयत ठेवायला लागतंय, म्हणून आण्णांनी गावाला फ्रीजची पेटी दिली, फुकट. पेटीवर मी चिकटवलेल्या फोटोत हात जोडून हसणारे आण्णा आणि खाली ‘सदैव आपल्या सेवेत’. आण्णा निवडून आले.

पुढं आण्णांची आईच गेली. धाकटा भाऊ मिलिटरीत, जम्मूवरनं यायचा हुता. म्हणून तीच पेटी घरात आणली. आत आई, पेटीवर हसणारे आण्णा आणि पेटीला टेकून रडणारे आण्णा. भेटायला येणारा माणूस एकदा हिकडं बघायचा, एकदा तिकडं, आणि खाली मान घालायचा.

आण्णा माझ्या कानात म्हणाले, "काढ रं ते, लौकर."

मी नखानं खरवडायला लागलो, पण निघंना. "आण्णा, पक्का चिकटीव म्हणून तुमीच सांगितलं हुतं."

शेवटी त्यांनी खांद्यावरचा टॉवेल फोटोवर टाकला.

तेवढ्यात शेजारच्या शांताकाकू पुढं आल्या. आदल्या महिन्यात त्यांचा नवरा ह्याच पेटीत हुता. घसरणारा टॉवेल नीट करत त्यांनी अगदी साधेपणानं इचारलं, "आवं आण्णा, झाकला तर चालतोय व्हय? आमाला वाटलं, तसाच ठिवावा लागतोय."