ढाबळीच्या गच्चीवरची नारिंगी चादर

मी, ढाबळवाल्याची बायको, वय ४६ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार ढाबळीखालच्या दोन खोल्या, आज रोजी पोलीस ठाण्यात आपणहून हजर राहून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी पतीसह गेली बावीस वर्षे राहते. पती शर्यतीच्या कबुतरांची ढाबळ सांभाळतात. निरनिराळे मालक आपली पिल्ले त्यांच्याकडे आणून सोडतात. ती सगळी एकाच ढाबळीत वाढतात, एकाच हातचे खातात आणि एकाच ठिकाणाहून सोडली जातात. जे आधी परत येऊन ढाबळीच्या फळीवर उतरेल ते जिंकते. यंदा १८० कबुतरे होती.

त्यांपैकी एक मालक, चष्म्याचे दुकानवाले, यांनी तक्रार दिली आहे की ढाबळीत दाटी होती, पाण्याची हेळसांड होती आणि दमलेली कबुतरे उन्हात उडवून मारली. ढाबळ बंद करावी असे त्यांचे म्हणणे आहे. तक्रार खरी नाही. पाण्याची भांडी पती दिवसातून दोनदा घासतात. घरातले एखादे भांडे त्यांनी कधी विसळल्याचे मला आठवत नाही. प्रत्येक कबुतराचे वजन, विष्ठा, शिंका त्यांच्या वहीत आहेत. ती वही आपण ताब्यात घेतलीच आहे. मागल्या महिन्यात मला चार दिवस ताप होता, तो कुठल्याच वहीत नाही. याचा तपासाशी संबंध नाही असे हवालदार म्हणाले. मी म्हटले, लिहा.

कबुतरांत एक करडी मादी होती. तिला सर्दी झाली तेव्हा इतरांना लागू नये म्हणून पतींनी तिला आठ दिवस आमच्या स्वयंपाकघरात टोपलीत ठेवले. तिच्यासाठी ते रेडिओ बारीक करत. मी मशीनवर बसले की म्हणत, जरा थांब, ती दचकते. मी तिच्यावर जळत होते. पाखरावर जळणारी बाई म्हटले की लोक दात काढतील, म्हणून कुणाजवळ बोलले नाही.

शनिवारी दुपारी चार वाजता कबुतरे गाडीत भरली. करडीला सगळ्यात शेवटी ठेवताना पती तिला म्हणाले, "सावकाश ये गं. मी वाट बघतोय." मी दारातच उभी होते. मी बहिणीकडे महिनाभर राहून परत आले, तेव्हा त्यांनी "आलीस?" एवढेच विचारले होते आणि ते जिना चढून ढाबळीकडे गेले होते.

रविवारी सकाळी साडेसहाला २४० किलोमीटरवरून कबुतरे सोडली. शर्यत चालू असताना गच्चीवर कोणी जायचे नाही असा नियम आहे, म्हणजे अमक्याच्या पाखराला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये. पती व मालक लोक पुढच्या अंगणात बसले होते, तिथून गच्चीची मागची बाजू दिसत नाही. ढाबळीवर अनोळखी रंग दिसला तर कबुतरे उतरत नाहीत. म्हणून पती बारा महिने खाकी सदराच घालतात आणि मी बावीस वर्षे कपडे खोलीत वाळवते. साडेनऊला मी मागच्या जिन्याने वर गेले, तिथे दोरी बांधली व तिच्यावर नारिंगी चादर घातली. धुण्याचा दिवस होता असे मी आधी आपल्याला सांगितले. तो नव्हता. चादर मळलेलीही नव्हती. त्यांनी वाट बघावी आणि तिने येऊ नये, एवढेच माझ्या मनात होते. बाकीच्या १७९ चा विचार मी केला नाही.

पावणेदहाला थवा आला. वेळेवर आला आणि चांगल्या जोमात आला. पतींनी पाखरे नीट तयार केली होती, हे कृपया स्पष्ट लिहावे. थवा घिरट्या घालू लागला. पती खालून दाण्याचा डबा वाजवत होते. एरवी दोनदा वाजवला की पुरते. मी स्वयंपाकघरात बसून पन्नास मिनिटे तो डबा ऐकला. मग पाखरे शेजारच्या कारखान्याच्या तापलेल्या पत्र्यावर पडू लागली, तेव्हा मी धावत जाऊन चादर ओढली. पती पाठोपाठ वर आले. चादर माझ्या हातात होती. दोरीवर दोन चिमटे राहिले होते, ते त्यांनी काढले आणि ते खाली गेले.

एकूण चौदा मेली. करडी गच्चीच्या कठड्यावर उतरली होती, चोच उघडी होती. मी वाटीत पाणी धरले. ते तिने घेतले नाही. ती माझ्या हातातच गेली. आता मला तिचा राग येत नाही.

पतींचा कालचा जबाब साहेबांनी मला वाचून दाखवला. चादर बायकोने नव्हे, आपण स्वतः वाळत घातली, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. ते खोटे आहे. बावीस वर्षांत त्यांनी रुमालसुद्धा वाळत घातलेला नाही. चिमट्यांची पिशवी दारामागे टांगलेली असते हे त्यांना माहीत नाही, म्हणून त्यांनी ते चिमटे सदऱ्याच्या खिशात टाकले. सदरा तोच असेल. खिसा तपासावा, चिमटे अजून तिथेच सापडतील.

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तापाचे वाक्य त्यात आहे. सगळे मी बोलले तसेच उतरले आहे व ते खरे आहे, म्हणून खाली सही करते.