घासलेला नंबर

जळगाव स्टँडवर रावेरच्या गाडीच्या रांगेत सुनंदाबाईंच्या पुढे दोघे उभे होते. पिंप्राळ्याचा वाल्मीक मेकॅनिक शालिग्रामनानांना आपला नवा, हातात मावणारा ऑसिलोस्कोप दाखवत होता.

"करंट कसा नाचतो ते या काचेवर दिसतं, नाना. स्वस्तातला आहे."

"लावून पाहिला?"

"आधी खोलला. आत काय घातलंय ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही."

"मग?"

"काम चोख आहे. पण मेन आयसी चिपवरचा नंबर पॉलिश पेपरनं घासून टाकलाय. उद्या जळाला तर कोणता बसवायचा? इतकं कोत्या मनाचं असावं का माणसानं?"

"कशाला घासत असतील?"

"दुसऱ्यानं नक्कल करू नये म्हणून. धंद्यात चालतं ते."

"माझ्या विहिरीच्या मोटारीला तू जी लाइट आली की आपोआप चालू करणारी ऑटोची पेटी करून दिलीस, तिच्यातले नंबरही घासलेलेच आहेत."

"कोण म्हणालं?"

"आमच्या गावचा नथ्थू. ती बंद पडली तेव्हा त्यानंच खोलली, आणि हात टेकले. तुला आज सवड झाली. चार दिवस झाले, केळीला पाणी नाही."

रांग पुढे सरकली. वाल्मीक जागचा हलला नाही.

"नाना, आज मी दुरुस्त करतोच. पण नंबर सांगतो, लिहून घ्या. पुढच्या वेळी नथ्थूच बसवेल."

"मला कुठं एबीसीडी येते, बाबा?"

सुनंदाबाईंनी पिशवीतून पेन काढलं.

"सांगा भाऊ, मी लिहिते."